नवव्या दिवसाचा मुक्काम

गुरुवारचा पेपर मी शनिवारी दुपारी पाहिला, आणि तोही वाचायला म्हणून नाही. शनिवारी आमची कचेरी दीडला सुटते. सुटताना आम्ही ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारे लोक, टेबलाच्या फळीवर ताणून बसवलेल्या ट्रेसिंग कापडावर जुने पेपर पसरतो आणि कडेनं पिना टोचतो, म्हणजे रविवारची धूळ अर्धवट रेषांवर बसत नाही. तिसरी पिन टोचताना माझ्या अंगठ्याखाली युंगाय आलं. पेरू देशात रविवारी दुपारी भूकंप झाला, हुआस्कारान पर्वताचा कडा सुटला, बर्फ, दगड आणि चिखल यांचा लोंढा खाली आला आणि युंगाय हे गाव काही मिनिटांत संपूर्ण गाडलं गेलं. लगतच्या टेकडीवर, दफनभूमीत धावत गेलेले थोडे लोक तेवढे वाचले. सात ओळी. शेजारी केसांच्या तेलाची जाहिरात. मी पिन टोचली. कुठं टोचली ते पाहिलं नाही.

“काय हो आनंदराव, कोण गेलं?” रामभाऊ मागं येऊन उभे होते. ते माझ्या आधी सहा वर्षं खात्यात लागलेले, पुण्यातलेच, कात्रजच्या पलीकडं कधी न गेलेले.

“गाव गेलं.”

“कुठलं?”

“ओळखीचं.”

“तुम्हा वेल्ह्याकडच्या लोकांचं काही सांगू नका. आमच्यात माणसं जातात, तुमच्यात अख्खी गावंच जातात.” ते हसले आणि मग माझ्या तोंडाकडं पाहून त्यांनी हसू आवरलं. “खरंच कुणी होतं का तिथं?”

“साळूबाई होती.”

“वय काय?”

मला साळूबाईचं वय ठाऊक नव्हतं. चाळिशीतली असेल, मी म्हणालो. रामभाऊ अरेरे म्हणाले, खुंटीवरची टोपी त्यांनी घेतली आणि सोमवारी रजा हवी असली तर चिठ्ठी पाठवा, साहेबांना मी सांगतो, असं म्हणून ते जिना उतरून गेले. मी रुमालानं कपाळ पुसलं. हा रुमालही बाद झालेल्या ट्रेसिंग कापडाचा. चुकलेलं, डाग पडलेलं कापड आम्ही घरी नेतो. पाण्यात भिजत ठेवलं की त्याची खळ सुटते, आणि खाली इतकं मऊ, बारीक, पांढरं सूत उरतं की तसलं कापड लक्ष्मी रोडच्या दुकानात मिळायचं नाही. आमच्या सगळ्यांच्या घरी असले रुमाल आहेत. सगळ्यांच्या बाळांनी असली झबली घातली आहेत. आमच्या सोडून.

स्वारगेटला भोरची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, कुठं? आणि मी म्हणालो, युंगाय.

“ते कुठाय? वेल्ह्याकडं का? मग नसरापूरला उतरा, ही गाडी भोरची हाय.”

“भोर. भोर द्या.”

“आदी ठरवा पाव्हणं कुठं जायाचं ते, मंग बसा गाडीत.” मागच्या बाकावरच्या बाया हसल्या. एक म्हणाली, गरमीनं व्हतं आसं. मी तिकीट घेऊन रुमालात बांधलं, जशी चंद्रा बांधते.

चंद्रा, म्हणजे चंद्राबाई, माझी बायको, भोरला असते. पुण्यातल्या माझ्या खोलीचे एकोणीस जिने तिला आता चढवत नाहीत. एकोणीस पायऱ्या म्हणायचं होतं. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, तेव्हापासूनचं ते, असं डॉक्टर म्हणतात. चढ नको, जड उचलणं नको, मनाला धक्का नको. हे तीन नको त्यांनी बोटांवर मोजून मला सांगितले होते, तिला नाही. तिला त्यांनी फक्त गोळ्या दिल्या. मी सोमवारी पुण्याला येतो आणि शनिवारी परत जातो, आणि मधले पाच दिवस ती भोरच्या दोन खोल्यांत शेजारच्या अंबूबाईच्या आधारानं हळूहळू काढते. शनिवारी संध्याकाळी चहा झाला की दाराजवळ पोत्यावर बसते आणि म्हणते, “हं. आज कुठवर?” आणि मी वही काढतो.

आज नववा दिवस होता. आज युंगाय होतं.

गाडी कात्रजच्या घाटाला लागली. मी वही मांडीवर घेतली पण उघडली नाही. ही वही कशी झाली ते कुणाला सांगायचं तर सांगता येणार नाही. सांगितलं तर रामभाऊ आठवडाभर कचेरीत तेच पुरवतील. तीन वर्षांपूर्वी चंद्रा सलग दीड महिना अंथरुणाला होती तेव्हा मी तिला रद्दीतल्या मासिकांतली चित्रं दाखवायचो. एकदा ती म्हणाली, समदी चित्रंच का बघायची, जाऊ की कुठं तरी. कुठं, मी विचारलं. लांब, ती म्हणाली. जितं कुणी आपल्याला आणि आपण कुणाला वळखत न्हाई. मी मग खरंच दिल्लीच्या पाच परदेशी कचेऱ्यांना पत्रं टाकली, आम्ही उभयता आपल्या देशात प्रवासास येऊ इच्छितो, कृपया माहिती पाठवावी. उत्तर एकाच देशाचं आलं. जाड लिफाफा, आत गुळगुळीत कागदाच्या तीन चोपड्या, आगगाड्यांच्या वेळा, एक नकाशा. नकाशा मी आधी वासानं ओळखला. म्हणून पेरू. दुसऱ्या कुणी उत्तर दिलं असतं तर आम्ही दुसरीकडं गेलो असतो. चंद्रानं नाव ऐकून विचारलं, हितल्यासारखं पेरू लागत्यात व्हय तितं? नाही, मी म्हणालो, बटाटे. पण आगगाडी आहे, जगातली सगळ्यांत उंच, लिमाहून निघते आणि डोंगरावर इतकी चढते की डब्यातल्या सगळ्या उतारूंना धाप लागते, मग एक माणूस रबरी पिशवीतून हवा देत फिरतो. ती उठून बसली. “समद्यांला धाप लागती?” समद्यांला. “धडधाकट माणसाला बी?” हो. तिनं उशी पाठीशी ओढून घेतली. मग म्हणाली, “मंग तितंच जाऊ.”

मी वही आखली. मला दुसरं काही आखता येत नाही म्हणून साहेब लोकांच्या फिरतीच्या कार्यक्रमासारखी आखली: तारीख, पासून, पर्यंत, वाहन, मुक्काम, प्रयोजन. तारखेचा रकाना रिकामा राहिला. त्याच्या कडेला बाहेर मी दिवस पहिला, दिवस दुसरा असं लिहीत गेलो. खर्चाचा रकाना आखलाच नाही. प्रयोजनाखाली साहेब लोक तपासणी लिहितात. मी सगळीकडं पाहणे लिहिलं. अडीच वर्षं लागली. कुझकोहून पुनोला जाणारी गाडी कोणत्या वारी असते आणि कोणत्या वारी नसते ते जुळवताना दिवस चौदावा दोनदा खोडला. पुनोला तळं आहे, ढगांच्या उंचीवर, त्यात गवताच्या नावा. चोपडीतलं तळ्याचं पान मी वाचून दाखवलं तेव्हा चंद्रानं तोंड भिंतीकडं केलं, आणि मीही पान लगेच उलटलं. आणि सगळं लिहून झालं तेव्हा, या चैत्रात, आम्ही निघालो. दर शनिवारी एक दिवस. मी वाचायचं, तिनं डोळे मिटून ऐकायचं आणि मधे मधे विचारायचं. लिमाला तिला समुद्र आवडला नाही, लई मोकळा म्हणाली. गेल्या शनिवारी आठवा दिवस होता, मुक्काम हुआराज. थंडी. दोन घोंगड्या घ्यायच्या ठरल्या.

गेल्या शनिवारी आम्ही हुआराजला मुक्कामाला होतो.

म्हणजे सरळ दिवसामागं दिवस धरला तर रविवारी सकाळी आम्ही तिथून निघालो. मोटार सातला, पोहोच साडेनऊ. रविवारी दुपारी आम्ही युंगायच्या चौकात होतो. मी खिडकीबाहेर पाहिलं. घाट उतरून गाडी सपाटीला लागली होती, शेतं नांगरून उघडी पडली होती, ढेकळं तापत होती. शेजारचा म्हातारा झोपून माझ्या खांद्यावर कलला होता. त्याच्या डोक्याचं वजन खरं होतं. आम्ही जिवंत आहोत याचं मला एकदम भय वाटलं.

साळूबाई चंद्रानं शोधली. मी लिहिलं होतं, मुक्काम: हॉटेल. ती म्हणाली, हाटेलात काय म्हून? तुमी मला सांगा, परक्या गावात जायाचं, तितं आपलं कुणी नसंल तर जायाचंच कशाला? मी म्हणालो, तूच म्हणालीस कुणी ओळखत नाही असल्या ठिकाणी. ती म्हणाली, ते समद्या मुलखाचं बोलले. एका तरी गावात कुणी तरी लागतं. मग तिनं चोपड्या मागून घेतल्या, एकेक चित्र पाहत गेली, आणि युंगायच्या पानावर थांबली. चौक, उंच ताडासारखी झाडं, मागं पांढरा डोंगर, आणि झाडाखाली टोपी घातलेली एक बाई पुढ्यात बटाटे मांडून बसलेली. बाईनं डोळे बारीक केलेले, उन्हामुळं किंवा फोटोवाल्याच्या रागानं. ही, चंद्रा म्हणाली. हिच्याकडं उतरू. हिचं नाव काय आसंल? मी म्हणालो मारिया असेल. न्हाई, साळूबाई हाय ही. आमच्या वाकणवाडीला हुती तशीच, बाजारात बसली की कुणाला भाव कमी करायची न्हाई, आन घरी गेलं की ताट भरून वाढायची.

आणि साळूबाईकडं रिकाम्या हातानं कसं जायचं? सवाष्ण बाई. चंद्रानं अंबूबाईला बाजारात पाठवून खण आणवला. हिरवा, लाल काठाचा. तो ट्रंकेत वर ठेवलेला असतो. नारळ निघायच्या दिवशी घेऊ म्हणाली, आत्ता घेतला तर वाळून जाईल. मी तेव्हा हसलो नव्हतो. मुक्कामाच्या रकान्यातलं हॉटेल खोडून मी साळूबाई लिहिलं होतं, काळ्या शाईनं, सुलेखनाच्या अक्षरात, जसं नकाशावर गावाचं नाव लिहितात.

आता सांगायचं कसं? कचेरीत फिरतीत बदल झाला तर एका ओळीचं कारण लागतं. पेन्सिल काढून मी वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहिलं. नववा दिवस: बदल. कारण: रस्ता बंद. ती म्हणेल, उघडंल तवर हुआराजलाच राहू. कारण: साळूबाई माहेरी गेली आहे. ती म्हणेल, मंग येईस्तवर थांबू, न्हाई तर तिच्या माहेरी जाऊ. कारण: वाहन नाही. म्हणेल, चालत जाऊ. कारण. गाडी खड्ड्यातून गेली आणि पेन्सिलीची रेघ पानभर ओढली गेली, वाकडी, डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या रेघेसारखी, आणि मी वही मिटली.

कारण ती रेघ मला ओळखीची होती. ती मी अठ्ठावन्न साली ओढली होती. पानशेतला आंबी नदीवर धरण व्हायचं होतं आणि पाणी कुठवर चढेल त्या पातळीची रेघ गावनकाशांवर काढायचं काम आमच्याकडं होतं. पाण्याला निळी शाई. रेघेच्या आतलं सगळं पाणी, मग तिथं अजून भात उभं असलं तरी. पाच गावं झाली, आणि सहावं कापड पसरलं तर नदीला ते वळण, आणि वळणावर वाकणवाडी. सतरा घरं. सतरा बारीक चौकोन, आणि वाघजाईच्या देवळाचा त्रिकोण. तिसरा चौकोन चंद्राच्या बापाचा. त्या घराच्या ओसरीवर मी नवरा म्हणून बसलो होतो. रुलिंग पेनमध्ये शाई भरलेली होती. मी रेघ सुरू केली. घरांच्या जवळ आलो तेव्हा हात थांबला, आणि पेन थांबलं की शाई थांबत नाही. डाग पडला. कापड बाद. साहेब म्हणाले, दुसरं घ्या. दुसरं घेतलं, आणि त्याच्यावर न थांबता रेघ पुरी केली. वाकणवाडी बुडणार हे माझ्या सासऱ्यांच्या आधी मला ठाऊक झालं. चंद्राला तेव्हा आठवा महिना होता. डॉक्टर तेव्हाही म्हणाले होते, धक्का नको. मी सांगितलं नाही. मग तिच्या भावाचं, चिमाजीचं, कचेरीच्या पत्त्यावर कार्ड आलं. गाव उठायचं ठरलं, पुढल्या पंचमीला सगळ्या लेकींना बोलावून जुन्या उंबऱ्यावर त्यांच्या ओट्या भरायच्या आणि मग घर सोडायचं, तरी ताईला घेऊन यावं. ते कार्ड मी टेबलाच्या खणात टाकलं. पंचमी गेली. पंधरा लेकींच्या ओट्या भरल्या म्हणे, आणि एक नारळ उरला. मूल त्याच महिन्यात झालं. ते हातात आलं तेव्हा त्याला झबल्याची गरज नव्हती. ज्या धक्क्यातून मी तिला वाचवत होतो तो असाच, मी काही न सांगता, दुसऱ्याच वाटेनं घरात आला होता. पुढं दोन महिन्यांनी मी म्हणालो, वाकणवाडी उठली. सगळे दौंडाकडं गेले. तिनं विचारलं नाही कधी, कसं. म्हणाली, बरं.

एकसष्टच्या जुलैत धरण फुटलं तेव्हा मी पुण्यात होतो. पाणी ओसरल्यावर आमच्या तळघरातल्या गुंडाळ्या उन्हात घातल्या, तर ज्या कापडांत पाणी शिरलं होतं ती मऊ होऊन कोऱ्या धोतरासारखी लोंबत होती. आणि तिकडं वर, पाणी गेल्यावर, वाकणवाडी चिखलातून पुन्हा वर आली होती. चिमाजी येऊन सांगून गेला, ताई, भिती गेल्या पण उंबरा तसाच हाय. चंद्रानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, चिखलातून कुठं जातेस, तुला धाप लागते. त्याला नऊ वर्षं झाली. धरण आता पुन्हा बांधत आले आहेत. यंदा नाही तर पुढल्या पावसाळ्यात पाणी अडेल असं कचेरीत बोलतात. जुन्या नकाशांवर नवी ट्रेसिंग करायचं काम निघालं आहे. आज ज्या कापडावर मी गुरुवारचा पेपर पसरला त्याच्यावर तेच वळण आहे, तेच सतरा चौकोन. रेघ घरांपासून बोटभर अंतरावर आणून मी सुट्टी केली आहे.

कापूरहोळला गाडी वळली. म्हातारा जागा झाला आणि म्हणाला, “आलं का?” कुणाला म्हणाला कळलं नाही. मी म्हणालो, अजून थोडं.

चंद्रा दाराशी होती. पोतं अंथरलेलं, चहाचं पाणी ठेवलेलं, केस विंचरलेले. अंबूबाई सुपात तांदूळ निवडत तिच्याजवळ बसली होती, मला पाहून पदर सावरत उठली. “आलं वो तुमचं सायेब. जाती म्या. आज लई वाट बघत हुत्या, दोनदा गाडीचा टाइम इचारला.” जाताना तिनं चंद्राच्या खांद्याला हात लावला. तेवढाच, सहज. पण सहज नव्हता असं मला नंतर वाटलं.

चहा घेतला. पावसाबद्दल बोललो, गोळ्यांबद्दल बोललो. दोन्हीबद्दल बोलून झालं. भिंतीवरचं ऊन कोनाड्यापर्यंत चढलं होतं. चंद्रानं पाय जवळ घेतले, पाठ भिंतीला लावली आणि डोळे मिटले.

“हं. आज कुठवर?”

मी वही उघडली. आठवा दिवस पुन्हा वाचावा असं मनात आलं. किंवा दहावा. तिच्या गळ्याजवळची शीर उडत होती, दोनदा लवकर, मग थांबून एकदा. मी वाचायला लागलो.

“दिवस नववा. पासून, हुआराज. पर्यंत, युंगाय. वाहन, मोटार. सकाळी सातला सुटेल. उजव्या हाताला बसायचं, डोंगर तिकडून दिसतात.”

“घोंगड्या घेतल्या ना?”

“घेतल्या. रस्त्याच्या कडेनं नदी. शेतांत बटाटा, मका. साडेनऊला युंगाय. मोटार चौकात थांबते. चौकात उंच झाडं. मागं पांढरा डोंगर.”

“आन ती?”

“झाडाखाली साळूबाई. बटाटे मांडून बसलेली.”

“आपल्याला बघून काय म्हनती?”

हा प्रश्न वहीत नव्हता. मी म्हणालो, “म्हणते, उशीर केला.” माझा आवाज मला लांबून आला. “उठते, बटाटे टोपलीत भरते. आपण तिच्या मागं जातो. प्रयोजन, पाहणे. मुक्काम.”

मी थांबलो. बाहेर कुणाची तरी बैलगाडी चाललेली होती, तिचा आवाज गल्लीभर गेला आणि संपला. चंद्रानं डोळे उघडले नाहीत.

“वाचा की. मुक्काम?”

रकान्यात साळूबाई लिहिलेलं होतं. सुरेख अक्षर होतं. मी नकाशावर असंच लिहितो, आणि नाव लिहिलं की गाव तिथं आहे असं लोक समजतात. मला वाटलं, मी आत्ता हे एक नाव वाचलं की पुढच्या शनिवारी दहावा दिवस येईल, मग अकरावा, आम्ही तळ्यापर्यंत जाऊ, परत येऊ, आणि तिला काही होणार नाही. आणि वाटलं, असंच मला एकदा वाटलं होतं.

“चंद्रा,” मी म्हणालो, “गाव राहिलं नाही.”

मी बोट रकान्यावरून काढलं.

“रविवारी. भूकंपानं डोंगर खाली आला. सगळं गाव गेलं. पेपरात आलंय.” आणि मग, आता थांबवत नव्हतं म्हणून, “साळूबाई पण.”

मी तिच्या गळ्याकडं पाहत होतो. शीर उडत होती तशीच उडत होती. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं, मी काही दुखणं काढून उठलो आहे अशा नजरेनं, पाहिलं.

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “अंबूबाईच्या रेडूत बुधवारीच सांगितलं. गावाचं नाव बातम्यावाल्या बाईनं चुकीचं घेतलं, पर मला कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमी सांगताय का बघत हुते.”

ती भिंतीला हात टेकून उठली. मी उठायला लागलो तर तिनं हातानंच बसा म्हटलं. आत ट्रंकेचा आवाज झाला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात हिरवा खण होता आणि खणाच्या खाली काही तरी पांढरं. ते तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. झबलं होतं. बाहुलीचं असावं एवढं, बंद न लावलेलं, एका बाहीची शिवण अर्धी राहिलेली. बारा वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. मी समजत होतो ते कधी शिवलंच नाही.

“उजेडात धरा,” ती म्हणाली.

मी धरलं. मऊ, बारीक सूत, आणि पाठीवरून आडवी, भिजून आकाशाइतकी फिकी झालेली एक निळी रेघ. रेघेच्या शेवटी डाग. डागाच्या पलीकडं, आता नुसती सावली राहिलेले, बारीक चौकोन.

डाग पडलेलं ते कापड मी घरी आणलं होतं. सगळे नेतात तसं. झबल्याला होईल म्हणून तिच्या हातात दिलं होतं. मी त्याच्यावर काय होतं ते विसरलो नव्हतो. तिला ते वाचता येईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“भिजत घालायच्या आदी हातरून बघितलं,” चंद्रा म्हणाली. “मला चौथीपत्तुर वाचाया येतं. वाकणवाडी लिवलेलं. आन तुमचं बोट तवा आठ दिस निळं हुतं. म्या म्हनलं, सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. पंचमी बी मला म्हाईत हुती, पंचमीला म्या नवं लुगडं नेसून पुण्याच्या खोलीत बसले हुते. तुमी कचेरीतनं आला आन म्हनला, आज काय सण हाय का?”

मला ते आठवलं. मी तसं म्हणालो होतो. लुगडं जांभळं होतं.

“तू तेव्हा…” मी म्हणालो.

“राग न्हाई आला,” ती म्हणाली. “एकटं वाटलं.” मग पोत्यावर बसता बसता तिला धाप लागली, आणि ती ओसरेपर्यंत आम्ही दोघांनी वाट पाहिली. त्या उंच आगगाडीत सगळ्यांना लागते तशी. धाप ओसरल्यावर तिनं वही माझ्या हातातून घेतली, नववा दिवस स्वतः पाहिला, बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत, आणि वही मला परत दिली.

“आता हा दिस रिकामा झाला न्हवं?”

“हो.”

“मंग लिवा. पासून भोर. पर्यंत वाकणवाडी.”

“चंद्रा, तिथं आता काही नाही. उंबरा असेल नसेल. धरणापासून पुढं चालत जायचं, चढ आहे. डॉक्टरांनी काय सांगितलंय…”

“तुमाला सांगितलंय. मला तर कुणी काय सांगतच न्हाई.” ती हसली, जरासं. “पाणी पुन्ना यायच्या आत जायाचं. खण साळूबाईचा हाय, तो उंब्र्यावर ठिवीन. नारळ सकाळी घिऊ. ते बी नेऊ,” तिनं झबल्याकडं पाहिलं. “लिवा की.”

मी युंगायवर रेघ मारली. खाली लिहिलं. पासून, भोर. पर्यंत, वाकणवाडी. वाहन, एस.टी., पुढं पायी. प्रयोजन लिहायच्या जागी हात थांबला. पेन्सिल असल्यामुळं डाग पडला नाही. पाहणे लिहिलं नाही. ओटी असं लिहिलं.

“मुक्काम काय लिहू?”

ती बाहेर पाहत होती. ऊन कोनाड्यावरून वर सरकून आता छताच्या कडेला एक पट्टी राहिली होती.

“ऱ्हाऊ द्या रिकामा,” ती म्हणाली.

मी तो रिकामा ठेवला. मग डाव्या हाताचा, तीन वर्षं कोरा राहिलेला रकाना दिसला. त्यात उद्याची तारीख घातली. सात, सहा, सत्तर. एवढी लहान तारीख त्या वहीत पहिल्यांदाच पडली आणि सबंध पान तिच्याकडं कललं.

“पानशेतची पयली गाडी कितीला हाय?” चंद्रानं विचारलं.

कुझकोहून पुनोला जाणारी गाडी मला तोंडपाठ होती. लिमाची होती, उंच डोंगरातल्या त्या आगगाडीची ठेसन न् ठेसन होती. पानशेतची एस.टी. स्वारगेटहून किती वाजता सुटते ते मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षांत मी ते कुणाला विचारलं नव्हतं.

मी चपला घातल्या. स्टँडवर चौकशीची खिडकी सातपर्यंत उघडी असते.